चार पुडांचा डबा

"अहो, ही कडी लागत नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

"लागेल. नवी आहे. जरा जोर लाव."

अनसूयाबाईंनी जोर लावला. कडी लागली नाहीच, उलट डब्याचं खालचं पूड निसटलं आणि गडगडत जाऊन जात्याला आपटून थांबलं. मग नरहरीभाऊंनी डबा स्वतःच्या मांडीत घेतला. केळीचा लोंगर एका घावात उतरवणारा हा माणूस, पण बराच वेळ झटापट करूनही ती बोटाएवढी कडी काही खाचेत बसेना. शेवटी "लागली बघ" असं म्हणत त्यांनी डबा मुठीला धरून उचलला. मूठ हातात राहिली आणि चारही पुडं एकामागोमाग एक खाली उतरली. टवका उडाला नाही, हे नशीब.

"लागली," अनसूयाबाई म्हणाल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या.

बोळिंजच्या राऊतांकडे डब्यांना तोटा नव्हता, तेव्हा एका डब्यासाठी कपाळाला हात लावण्याचं कारण सांगायला हवं. हा डबा दिवाळसणाला जावयाला द्यायचा होता. दुधासारखा पांढरा, काठाला निळी रेघ, विलायती एनॅमलचा. लेक प्रेमलता, घरची प्रेमा, वैशाखात लग्न होऊन आगाशीला गेली होती. जावई शरदचंद्र मुंबईला एका कचेरीत कारकून होता आणि फडक्यात भाकरी बांधून रोज विरारहून गाडी धरत होता. स्वभावाने गरीब. घरातला सगळा स्वभाव त्याच्या आईने स्वतःकडे ठेवून घेतला होता.

लग्नात एक घोटाळा झाला होता. पंगतीत वाढता वाढता लाडवांचं ताट नेमकं विहीणबाईंच्या पानापाशी येऊन रिकामं झालं. वाढपी धावत आत गेला, भरलेलं ताट घेऊन आला, पण तोवर विहीणबाई पानावरून उठल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी सुनेला माहेरी पाठवलं नव्हतं. आगाशी ते बोळिंज हे अंतर एवढंसं, की चुलीवरचं कालवण गार व्हायच्या आत माणूस पोचावं. पण आषाढात पाऊस म्हणून नाही, श्रावणात उपास म्हणून नाही, भाद्रपदात गणपती म्हणून नाही, आणि आश्विनात, "आता दिवाळसणाला यायचंच आहे की" म्हणून नाही. दिवाळसण मात्र कोणाला टाळता येत नाही. विहीणबाईंनी निरोप धाडला होता, "पाठवते. बघू काय करतात ते." या बघण्यात काही उणं निघालं, तर प्रेमाचं पुढचं माहेरपण पुढच्या दिवाळीला, हे अनसूयाबाईंना स्वच्छ दिसत होतं. पोरीचं तोंड बघायला त्यांचा जीव तुटत होता आणि तो जीव आता त्या कडीत अडकला होता.

"उद्याच्या उद्या बदलून आणतो," नरहरीभाऊ म्हणाले. "वॉल्टरचं दुकान म्हणजे काय आपल्या बाजारातलं नव्हे. डिपार्टमेंट स्टोअर आहे ते. तिथे बदलून देतात. पाटीच आहे तशी."

सकाळी नरहरीभाऊ वहाणा घालून ओट्यावर आले, तेव्हा डबा फडक्यात बांधून तयार होता. त्यांनी उचलला आणि तोल जाऊन ते पुढे झुकले.

"यात काय धोंडे भरलेस?"

"सुकेळी आहेत, आपलीच केळी वाळवलेली. तांदळाच्या रव्याची गोड रवळी आहे. अळूवड्या आहेत थोड्या. आणि करंज्या."

"अगं, डबा परत करायला चाललोय मी!"

"म्हणूनच. रिकामं भांडं कधी कुणाच्या घरी परत पाठवतात का? सणासुदीच्या तोंडावर?"

"ते घर नाही, दुकान आहे."

"दुकानात माणसंच बसतात ना?"

नरहरीभाऊंनी डबा दोन्ही हातांत घेऊन वाट धरली. लग्न झाल्यापासून ते अशा बऱ्याच वाटा धरत आले होते.

वॉल्टरचं दुकान विरार स्टेशनाबाहेर, टांगे उभे राहतात त्याच्यासमोर होतं. वॉल्टर मूळचा जवळच्याच नंदाखाल गावचा, नरहरीभाऊंच्याच वर्गातला. उभी हयात त्याने मुंबईला फोर्टातल्या एका साहेबी दुकानात हातमोजे विकण्यात काढली. स्वातंत्र्य मिळालं, साहेब गेले, साहेबांबरोबर हातमोजे गेले, आणि दुकानातले उरलेले शिष्टाचार घेऊन वॉल्टर विरारला आला. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. तिचे दोऱ्या बांधून भाग पाडले होते आणि प्रत्येक भागावर पाटी होती: चौकशी, विक्री, तक्रार, बदली. टोकाला हिरवा पडदा, त्यावर 'मॅनेजर'. पडद्यामागे वॉल्टर टाय बांधून बसे. बाकी सगळे विभाग त्याचा धाकटा भाऊ मायकल एकटाच सांभाळी.

नरहरीभाऊ पोचले तेव्हा विक्री विभागापुढे अर्नाळ्याची एक कोळीण छत्री उघडून उभी होती.

"मॅडम, इथे भाव फिक्स असतो," मायकल सांगत होता.

"मंग कर ना फिक्स. मी सांगते त्याला कर."

"तसं नाही, तो आधीच फिक्स आहे."

"माज्याबिगार कसा केला? घेनार मी, नि ठरवनार तू? पानी माज्या डोक्यावर पडतंय का तुज्या?"

ती छत्री मिटून, टाकून, तरातरा निघून गेली. मायकलने छत्री खुंटीला लावली, शर्ट सारखा केला आणि नरहरीभाऊंकडे वळून म्हणाला, "गुड मॉर्निंग सर. मी आपली काय सेवा करू शकतो?"

"अरे मायकल, मी नरहरी. परवा तुमचा रेडा माझ्या केळीत शिरला, तेव्हा आपण दोघांनी मिळून हाकलला की!"

"ते दुकानाबाहेर, सर."

"बरं. ही डब्याची कडी लागत नाही."

"मग आपल्याला तक्रार विभागात जावं लागेल." मायकल उठला, दोरीखालून वाकून पलीकडे गेला, तिथल्या स्टुलावर बसला आणि नरहरीभाऊंना आयुष्यात प्रथमच बघावं तसं बघून म्हणाला, "गुड मॉर्निंग सर."

नरहरीभाऊंनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मायकलने फडकं सोडलं, वरचं झाकण काढलं आणि तो डब्यावर वाकला.

या मायकलची एक दुःखद कहाणी होती. फोर्टात राहून वॉल्टरचं जेवणही साहेबी झालं होतं. त्याच्या घरी उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी, आणि ज्या पाण्यात हे दोन्ही उकडलं, ते पाणी सूप म्हणून. त्याची बायको इझाबेल गावातली चांगली सुगरण, पण नवऱ्याच्या हुकमापुढे तिचा पाटावरवंटा माळ्यावर गेला होता. मायकल अविवाहित, भावाच्या ताटात जेवणारा. गेलं वर्षभर त्याच्या जिभेला तिखट म्हणून लागलं नव्हतं. आणि आता त्याच्या नाकाखाली अळूवड्या होत्या.

"हे... हे पदार्थही परत करायचे आहेत?" त्याने विचारलं.

"नाही रे. ते आपले असेच. रिकामं भांडं कसं द्यायचं, म्हणून हिने भरलं."

मायकल याच मुलखातला. त्याला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा डब्याकडे बघितलं. मग तो फार गंभीर झाला.

"सर, हा डबा निरीक्षणासाठी ठेवून घ्यावा लागेल. परवा या."

परवा नरहरीभाऊ गेले, तर डबा लख्ख धुऊन पुसून ठेवलेला. कडी होती तशीच.

"तक्रार मंजूर झाली, सर," मायकल म्हणाला. "कडी लागत नाही, हे विभागाने मान्य केलं आहे."

"ते मला आधीच ठाऊक होतं."

"आता विभागालाही ठाऊक आहे. गुरुवारी बदली विभाग उघडतो. गुरुवारी डबा घेऊन या."

"मग हा इथेच राहू दे ना."

"बदली विभाग तक्रार विभागाच्या मालाला हात लावत नाही, सर."

"दोन्ही विभाग तूच ना?"

"म्हणून तर काळजी घ्यावी लागते," मायकल म्हणाला.

घरी अनसूयाबाईंनी डबा उघडून बघितला, उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला.

"रिकामा परत दिला?"

"धुऊन दिलाय."

"साधी मूठभर साखर नाही? अहो, भरलं भांडं घेऊन रिकामं परत करतात, कसली माणसं ही?"

"अगं, ती मुंबईची रीत आहे."

"रीत असेल तर जळो ती," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि गुरुवारी डबा पुन्हा भरला. दुसऱ्याने सोडलं म्हणून आपण सोडायचं नाही, असा त्यांचा हिशेब. शिवाय कडी अजून अडलेली होतीच.

गुरुवारी मायकल बदली विभागाच्या स्टुलावर होता. त्याने डबा हातात घेऊन वजन बघितलं, झाकणं काढली, प्रत्येक पुडात नाक घातलं आणि मान हलवली.

"कोरड्या पदार्थांवर कडी लागत नाही, एवढं सिद्ध झालंय, सर. पण ओल्या पदार्थांवर ती काय करते, हे बघितल्याशिवाय बदली देता येत नाही."

"ओल्या म्हणजे?"

"कालवण म्हणा. रस्सा म्हणा." मायकलने आवंढा गिळला. "वालाचं बिरडं मिळालं तर चाचणी उत्तम होते. जरा तिखट असलेलं बरं. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, म्हणजे खालच्या पुडावर योग्य तो भार येतो."

"आणि आज आणलेलं?"

"हे पूर्वतपासणीत धरू."

नरहरीभाऊ रिकामा डबा घेऊन भारावून घरी आले. "बघ, याला म्हणतात कारभार!" ते ओट्यावरूनच सांगू लागले. "आपल्याकडचा दुकानदार असता तर कडी ठोकून दिली असती हातोडीने. तिथे कोरडं वेगळं तपासतात, ओलं वेगळं. शास्त्र आहे ते. तू वाल भिजत घाल."

अनसूयाबाईंनी वाल भिजत घातले. मोड आणले, सोलले, नारळाचं वाटण लावून बिरडं केलं. डबा गेला. डबा आला. रिकामा, धुतलेला, आणि कडी तशीच. मायकलचा निरोप असा, की ओली चाचणी अतिशय यशस्वी झाली असून प्रकरण मॅनेजरसाहेबांच्या मंजुरीसाठी पडद्याआड जाईल. मॅनेजरसाहेब डबा प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज सही करत नाहीत. आणि त्यांना रवळी...

"रवळी काय?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"रवळीचं पूड वर असावं, म्हणजे सोयीचं पडतं म्हणाला."

अनसूयाबाईंनी तांदळाचा रवा काढला. त्यांनी रवळी केली, वरच्या पुडात भरली, डबा पाठवला. दोन दिवसांनी तो परत आला. मॅनेजरसाहेबांनी विचार सुरू केला होता आणि अधिक विचारासाठी डबा पुन्हा एकदा लागणार होता. दिवाळी आता अगदी उंबऱ्यावर आली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते कडी तपासतायत की माझा हात?"

नरहरीभाऊ हसले. मग हसू हळूहळू ओसरलं. मग ते जागेवरून उठले आणि केळीचा लोंगर उतरवायचा कोयता कुठे आहे, असं विचारू लागले.

"बसा खाली," अनसूयाबाई म्हणाल्या. "कोयत्याचं काम नाही हे."

त्यांनी डबा उचलला. तसाच, रिकामा. आयुष्यात पहिल्यांदा त्या रिकामं भांडं घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या आणि तडक नंदाखालच्या वाटेला लागल्या. तिथे वॉल्टर-मायकलची म्हातारी आई मार्था आपल्या जुन्या घरात एकटी राहत असे. मुलाच्या सुपाला कंटाळून ती विरारला राहायला गेलीच नव्हती. बाजारच्या दिवशी दोघी शेजारी बसून फुलं विकत, ते आजचं नव्हतं.

"मार्थामावशी, हे बघा," अनसूयाबाईंनी डबा पुढे धरला.

म्हातारीने आत बघितलं. "रिकामा?"

"चार वेळा भरून पाठवला. चार वेळा हा असा आला."

"कुनाच्या घरून?"

अनसूयाबाईंनी विरारच्या दिशेला हात केला. मार्था समजली. तिने कानातलं सारखं केलं, पदर खोचला आणि काठी घेतली.

विरारला दुकान भरलेलं होतं. दिवाळीच्या खरेदीला आलेली माणसं या दोरीपासून त्या दोरीपर्यंत फिरत होती. नरहरीभाऊ टांग्याने आधीच येऊन धडकले होते आणि चौकशी विभागापुढे घसा ताणून चौकशी करत होते. "सर, कृपया तक्रार विभागात ओरडा," असं मायकल त्यांना विनवत होता. इतक्यात दारात काठी वाजली.

मार्थाने एकेक पाटी वाचून घेतली. वाचता येत नव्हतं, पण तिने वेळ सगळ्यांइतकाच घेतला. मग ती दोरी वर उचलून सरळ मायकलच्या स्टुलावर जाऊन बसली.

"बोल," ती म्हणाली.

मायकलच्या तोंडातून गुड मॉर्निंग फुटेना. म्हातारीने हवेत नाक वर केलं, हुंगलं, आणि हात लांब करून बदली विभागाचा खण ओढला. खणात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली, जपून जपून पुरवलेली सुकेळी होती.

"आय, ती मी..."

"वॉल्टर कुठाय?"

कोणी सांगायच्या आत तिने काठीने पडदा बाजूला सारला. पडद्याआड मॅनेजरसाहेब टाय मानेवर टाकून, गळ्याशी रुमाल खोचून, सुरी-काट्याने रवळी खात होते.

दुकानातली माणसं विभागांची मर्यादा विसरून पुढे सरकली. वॉल्टर उभा राहिला. सुरीकाटा ताटलीत सरळ ठेवायला तो तेवढ्यातही विसरला नाही.

"मदर," तो म्हणाला, "ही ऑफिसची वेळ आहे."

"भरलं भांडं आलं नि रिकामं गेलं. कुठल्या घरचं वळण रे हे?"

"हे घर नाही. डिपार्टमेंट स्टोअर आहे."

"मग खाल्लं कुनी? डिपार्टमेंटानं?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं. वॉल्टर ताठ झाला. "फोर्टात आम्ही एकच तत्त्व पाळायचो. कस्टमर इज ऑलवेज राइट. म्हणजे गिऱ्हाईक नेहमी बरोबर असतं."

"ही बाय गिऱ्हाईक हाय ना?"

"आहे."

"म्हंजे ही बरोबर. मग पहिल्याच दिशी का नाय बदलून दिलास?"

वॉल्टरने मायकलकडे बघितलं. मायकलने जमिनीकडे बघितलं.

"बदलला असता," तो खालच्या मानेने म्हणाला, "तर परत आला नसता."

इतकं खरं वाक्य त्या दुकानात उघडल्यापासून कोणी बोललं नव्हतं. "आणि तूच तर विचारलंस, बिरडं संपलं का म्हणून," असं तो पुढे भावाला म्हणाला, तेव्हा वॉल्टरचा टाय सैल झाला. तो आधी इंग्रजीत बोलू लागला, मग मराठीत, मग घरच्या बोलीत, आणि शेवटी नुसताच "आय, गं" म्हणून खुर्चीत बसला. जिन्यात उभी राहून इझाबेल सगळं ऐकत होती. ती वर गेली आणि माळ्यावरून पाटावरवंटा ओढल्याचा आवाज थेट खालपर्यंत आला.

मार्थाने काचेच्या कपाटातला, 'फक्त प्रदर्शनासाठी' लिहिलेला डबा काढायला लावला. कडी लावून बघितली. टक् करून लागली. अनसूयाबाईंनी हात पुढे केला, पण म्हातारीने डबा आपल्याच काखेत मारला.

"हा असा नाय द्यायची मी. चार वेळांचं माज्या घरावर चढलंय. दिवाळसणाला भरून येईल. नि हा वॉल्टर सोता घेऊन येईल."

वॉल्टरचा चेहरा जरासा उजळला. "होम डिलिव्हरी," तो पुटपुटला. "ती सोय होती फोर्टात."

पाडव्याच्या दिवशी राऊतांच्या अंगणात टांगा थांबला. शरदचंद्र उतरला, प्रेमलता उतरली, आणि मागोमाग, कोणी बोलावलेलं नसताना, विहीणबाई उतरल्या. "सहज आले," त्या म्हणाल्या आणि ओट्यापासूनच सहज बघायला सुरुवात केली. प्रेमा आईच्या गळ्यात पडली, ती सुटेना. विहीणबाईंनी खाकरून तिला सोडवलं.

जेवणं झाली. ओवाळणीची वेळ झाली. पाटापुढे तबक आलं, निरांजन आलं, धोतरजोडी आली. डबा आला नव्हता. नरहरीभाऊ चार पावलं फाटकापर्यंत जात आणि परत येत.

"काही यायचंय का अजून?" विहीणबाईंनी विचारलं. "की संपलं?"

'संपलं' हा शब्द अनसूयाबाईंच्या काळजात रुतला. त्या काही बोलणार, तेवढ्यात फाटक वाजलं. वॉल्टर आला होता. कोट, टाय, केसांना पाणी, आणि दोन्ही हातांवर देवाची मूर्ती धरावी तसा धरलेला पांढरा डबा. तो सरळ विहीणबाईंपुढे उभा राहिला आणि कमरेत वाकला.

"गुड आफ्टरनून, मॅडम. कडी तपासून घ्यावी."

विहीणबाईंना जन्मात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला, डबा घेतला, कडी उघडली, लावली. टक्. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. मग झाकण काढलं. आत मार्थाच्या हातच्या नारळाच्या वड्या होत्या, करंजीच्या बहिणी नेवऱ्या होत्या, आणि गोल गोल, तपकिरी, कापसासारखे हलके तळलेले फुगे. विहीणबाईंनी चवीपुरता एक घेतला. मग दुसरा घेतला. तिसरा घेताना त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. हे फुगे ताडी घातल्याशिवाय फुगत नाहीत, ही गोष्ट वॉल्टरला माहीत होती. पण गिऱ्हाईक खूश असताना त्याला मालाची माहिती द्यायची नाही, हेही त्याला फोर्टातच शिकवलं होतं.

"हलकं आहे," विहीणबाई म्हणाल्या. राऊतांच्या घरात त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

संध्याकाळी मंडळी निघाली. अनसूयाबाईंनी डबा धुतला आणि अर्थातच भरला. खालच्या पुडात त्यांनी लाडू इतके दाबून भरले, की झाकणाला गुडघा लावावा लागला. विहीणबाई नको नको म्हणाल्या, डबा मात्र त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवून नेला. टांगा वळणाआड जाईपर्यंत प्रेमा मागे वळून बघत होती. मग अनसूयाबाई आत येऊन चुलीपुढे बसल्या आणि रडल्या. डबा झाला, सण झाला, पोर गेली. आता संक्रांत, ती नाही जमली तर होळी, ती नाही जमली तर पुढली दिवाळी.

आठवडाही गेला नसेल. सकाळी फाटक वाजलं आणि प्रेमलता आत आली. एकटी. हातात डबा.

"अगं, तू कशी? सासूबाईंनी पाठवलं?"

"त्यांनीच. म्हणाल्या, तुझ्या आईने भरून दिलं, ते फुकट ठेवून घेणाऱ्यांतले आम्ही नाही." प्रेमाने डबा खाली ठेवला. वरपर्यंत भरलेला होता. शेवग्याच्या पानांची भाजी, घाऱ्या, साठ्यांच्या करंज्या, आणि एका पुडात लाडू. अनसूयाबाईंच्या लाडवांपेक्षा मोठे, मुद्दाम वळलेले. "दोन दिवस झोपल्या नाहीत त्या, हे करत बसल्या होत्या. म्हणाल्या, त्यांना कळू दे आगाशीचा हात. आणि म्हणाल्या, डबा मात्र घेऊन ये हो परत, तो शरदचा आहे."

"म्हणजे आता हा परत न्यायचा."

"हो."

"रिकामा?"

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. दोघींच्याही डोक्यात एकाच वेळी काहीतरी लागलं, टक् करून.

"जावईबापू कचेरीत भाकरी कशात नेतात?" नरहरीभाऊंनी विचारलं.

"फडक्यात," प्रेमा म्हणाली. "बोलले काल जरा. पण सासूबाई म्हणाल्या, आधी त्या घरचं फिटू दे."

"ते फिटायचं नाही," अनसूयाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी डबा उचलला, रिकामा करून फळीवर नेऊन ठेवला आणि लेकीची पिशवी आतल्या खोलीत नेली. "तुला परत कधी बोलावलंय?"

"डबा भरला, की ये म्हणाल्या."

"मग घाई कसली? सासरी जायचा डबा आहे, घाईघाईने भरून कसं चालेल? चार पुडं आहेत त्याला. आज एक भरू. उद्या एक भरू."

प्रेमा हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. नरहरीभाऊ खांबाला टेकून फळीवरच्या डब्याची पुडं मोजत होते. मग ते म्हणाले, "वॉल्टरकडे सहा पुडांचाही आहे."

अनसूयाबाईंनी वळून बघितलं. "बदलून देईल?"

नरहरीभाऊंनी वहाणा पायात सरकवल्या.